साताऱ्याची दोन हायस्कुले

आपल्या तालुक्याच्या गावी हायस्कूल असते. सकाळी घंटा होते, मुले रांगेने उभी राहतात, प्रार्थना होते आणि वर्गावर्गातून हजेरी घेतली जाते. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की या हायस्कुलात कुणाचेही मूल जाऊन बसू शकते ही गोष्ट आपल्याला काही विशेष वाटत नाही. 'सरकारी शाळा, सगळ्यांची शाळा,' असे आपण सहज बोलून जातो. पण शाळा सगळ्यांची होणे हे काम एका दिवसात झाले नाही, आणि एका हुकुमानेही झाले नाही. त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती का लागली, हे आज आपण साताऱ्याच्या दोन हायस्कुलांच्या हकिकतीवरून पाहू. त्यांतले एक सरकारने काढलेले आहे, दुसरे रयतेने काढलेले आहे.

प्रथम जुन्या काळचे हायस्कूल म्हणजे काय, ते ध्यानात घेऊ या. त्या काळी मूल आधी मराठी शाळेत चार इयत्ता शिकायचे. मग ज्याच्या बापाची ऐपत असेल ते इंग्रजी शाळेत जायचे. तिथे पुन्हा पहिलीपासून सुरुवात. इंग्रजी पहिली म्हणजे हल्लीची पाचवी म्हणा ना! अशा सात इयत्ता झाल्या, की मॅट्रिकची परीक्षा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. मॅट्रिक झालेल्या मुलाला कॉलेजात जाता येई, कचेरीत कारकुनी मिळे, मास्तरकी मिळे. म्हणजे हायस्कूल हा सत्तेच्या, पगाराच्या आणि मानाच्या वाटेवरचा नाका होता. खेड्यातला शेतकरी मामलेदार कचेरीत जाई, तेव्हा त्याचा अर्ज लिहिणारा, वाचणारा आणि त्यावर शेरा मारणारा, हे तिघेही या नाक्यावरून पार गेलेले असत. अर्ज करणारा मात्र बाहेर राहिलेला असे. म्हणून या नाक्यातून कोणाला सोडले जाते, या प्रश्नाला फार महत्त्व होते.

आता साताऱ्याकडे वळू. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर म्हणजे छत्रपतींची राजधानी. येथील प्रतापसिंह महाराज विद्येची आवड असलेला राजा म्हणून ख्यातीस चढले होते. १८३९ साली कंपनी सरकारने त्यांना गादीवरून काढून काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि वर्षानुवर्षे तेथे खटपट करीत राहिले, पण न्याय काही मिळाला नाही. महाराज १८४७ साली काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी, १८४८ साली, सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले.

राज्य गेले आणि पाठोपाठ इंग्रजी शाळा आली. साताऱ्याचे सरकारी हायस्कूल आपला जन्म १८५१ सालचा सांगते. पुढे ही शाळा जुन्या राजवाड्यात भरू लागली. ज्या चौकात मानकरी मुजऱ्याला येत, त्या चौकात मुले पाढे आणि इंग्रजी शब्द घोकू लागली. शाळेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५१ साली, तिला छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या राजाला परक्या सरकारने गादीवरून उठविले, त्याचे नाव त्याच सरकारने काढलेल्या शाळेला लागले. पुढे ही शाळा जिल्हा परिषदेकडे आली.

राजवाड्यात शाळा भरते म्हटल्यावर कुणालाही वाटेल, की चला, राजाचा वाडा प्रजेला मोकळा झाला! पण वाड्याचा दरवाजा उघडा असला तरी प्रजेतले सगळे लोक आत येत होते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे दूर, धारवाडला जावे लागेल. तो जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

१८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेची फी द्यायला आपण तयार आहोत, तरी आपल्याला शाळेत घेत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. मुंबई सरकारने काय करावे? मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारला नाकारता येईना. पण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील आणि शाळा ओस पडेल, अशी सबब सांगून त्याला प्रवेश नाकारण्यात आला. वरून या निर्णयावर ठपका आला, आणि १८५८ साली मुंबई सरकारने जाहीर केले, की ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करते त्या शाळा सर्व जातींच्या प्रजाजनांना सारख्याच खुल्या राहतील.

हुकूम निघाला, कागदावर शाळा खुली झाली. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, की १८५८ साली कागदावर शाळा खुली झाली. कारण यापुढची सारी गोष्ट या कागदाच्या आणि प्रत्यक्षाच्या मधल्या अंतराची आहे.

हे अंतर ज्यांनी सर्वांच्या आधी ओळखले, ते जोतीराव फुले. त्यांचे मूळ गाव कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव. ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातलीच. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले, तेव्हा जोतीरावांनी त्याच्यापुढे आपले निवेदन मांडले. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामाचा आहे, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांनी मागणी केली. शेतकऱ्याचे पोर शाळेत का येत नाही, याचे कारण त्यांना ठाऊक होते. पोर गुरांमागे जाते तेव्हा घरची भाकर निघते. त्याला शाळेत बसवायचे तर त्या भाकरीचा विचार आधी करायला हवा. हा भाकरीचा मुद्दा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता आपण साताऱ्याच्या हायस्कुलाचे जुने रजिस्टर उघडू. ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला तेथे एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले आहे. नोंदीचा क्रमांक १९१४. नाव लिहिले आहे, भिवा रामजी आंबेडकर. वय नऊ वर्षांचे. वडील रामजी सुभेदार हे फौजेतून निवृत्त झाल्यावर साताऱ्यास राहिले होते. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. हा भिवा म्हणजेच पुढे ज्यांच्या अध्यक्षतेखाली भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. शाळेतील या प्रवेशाची आठवण म्हणून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ सालापासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पटावर नाव लागले. धारवाडच्या त्या मुलाला जे मिळाले नव्हते ते या मुलाला मिळाले. पण नाव लागले म्हणून मुलगा इतर मुलांसारखा शाळेत बसू लागला का? साताऱ्याच्या शाळेतल्या दिवसांची आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात ज्याचा जसा नंबर असेल तसे मुलांनी बसायचे, असा शिरस्ता होता. या मुलाला मात्र नंबर कोणताही असो, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही त्याचा त्याने घरून आणायचा. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे.

आणि पाणी? इतर मुलांना तहान लागली की गुरुजींना विचारावे, नळाशी जावे, तोटी उघडावी आणि प्यावे. या मुलाने तोटीला हात लावायचा नाही. शाळेच्या शिपायाने येऊन तोटी उघडली, तरच त्याला पाणी. शिपाई हजर नसला तर तहान तशीच घेऊन वर्गात परत जायचे. शिक्षक बंधुभगिनींनो, जरा विचार करा. फी भरलेली, पटावर नाव लागलेले, अभ्यासात हुशार असे हे पोर. त्याच्या आणि घोटभर पाण्याच्या मध्ये शाळेचा शिपाई उभा होता. १८५८ च्या हुकुमाने शाळेचे दार उघडले होते, पण पाण्याच्या तोटीचे नाव त्या हुकुमात नव्हते.

याच साताऱ्यातील दुसरी एक आठवणही बाबासाहेब सांगत असत. आंबेडकर याच आडनावाचे एक गुरुजी शाळेत होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा घरी जेवायला जातो आणि यायला उशीर करतो, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा ते आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी रोज त्याला देऊ लागले. त्या भाकरीची गोडी आपण विसरलो नाही, असे बाबासाहेब मोठेपणी सांगत. शाळेचा शिरस्ता तसा होता आणि हे गुरुजी असे होते. दोघेही एकाच शाळेतले. म्हणून शाळेच्या परंपरेविषयी बोलताना मला नेहमी वाटते, की परंपरा ही सगळीच्या सगळी उचलून डोक्यावर घेण्याची वस्तू नाही. तिच्यात गोणपाट असते आणि भाकरीही असते. यांतले काय पुढे न्यायचे ते आपण ठरवायचे असते.

पुढे हे कुटुंब मुंबईस गेले. तेथे एलफिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण ते शिकवायला नकार मिळाला आणि त्याऐवजी फारशी घ्यावी लागली. म्हणजे शहर बदलले, शाळा बदलली, तरी एखादे दार बंदच राहिले.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव संमत झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीने त्याप्रमाणे चवदार तळे खुलेही केले, पण त्या पाण्याला हात लावण्याची कोणाला सोय नव्हती. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तेथे जाऊन ओंजळीने पाणी घेतले. साताऱ्याच्या शाळेत ज्याला तोटी उघडता येत नव्हती, तोच हा मुलगा.

आता आपण दुसऱ्या हायस्कुलाकडे येऊ. त्यासाठी मघाचा भाकरीचा मुद्दा पुन्हा हातात घ्यावा लागेल.

असे समजा, की पटावर नाव लागले, बाकावर जागा मिळाली, पाणीही मिळाले. तरी खेड्यातल्या मुलाने शहराच्या हायस्कुलात शिकायचे कसे? राहायचे कोठे? खायचे काय? जुन्या काळी गरीब ब्राह्मण मुलाची एक वाट ठरलेली होती. तो माधुकरी मागे, किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात वार लागले, की आठवड्याची सोय झाली. फीसाठी नादारीचा अर्ज करायचा. हेडमास्तरांनी कुणाला पूर्ण नादारी द्यावी, कुणाला अर्धी. अशा रीतीने कितीतरी मुले अपमान गिळून, दिव्याखाली अभ्यास करून वर आली. त्यांच्या कष्टांना कमी लेखू नये. पण कुणब्याच्या पोराला शहरात वार कोण देणार? धनगराच्या पोराला? महारा-मांगाच्या पोराची तर गोष्टच नको. त्यांचे सगेसोयरे खेड्यात, आणि हायस्कूल शहरात. म्हणून पुष्कळ मुलांची शाळा मराठी चौथीलाच संपे.

हे कोडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडविले ते कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी. १९०१ सालापासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. याच कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिकायला एक उंचापुरा मुलगा आला होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज या गावी. तो जैन बोर्डिंगात राहत असे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, आणि परत आल्यावर अंघोळ करून आत ये, असे त्याला सांगण्यात आले. माणसे भेटून आलो, त्यात विटाळ कसला, म्हणून तो अंघोळीला तयार होईना. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. शिक्षण तर मॅट्रिकपर्यंतही गेले नाही. पण शाळेत न मिळालेला एक धडा त्याला तेथे मिळाला. जातवार बोर्डिंगे पोटाची सोय करतात, पण मनातली भिंत तशीच राहते, हा तो धडा.

या भाऊरावांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आणून तेथे बोर्डिंग सुरू केले. या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. आज हे ऐकायला सोपे वाटते. पण त्या वेळी गावोगावचे आईबाप काय म्हणाले असतील, याची कल्पना करा. 'पोरगं शिकंल हो, पण बाटंल त्याचं काय?' या प्रश्नाला भाऊरावांनी वाद घालून उत्तर दिले नाही. पंगत घातली, तेच उत्तर.

आणि ही पंगत उठवायची कोणाच्या जिवावर? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांना आपली मुले मानले. कोठीतले धान्य संपले, तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मुलांच्या पोटासाठी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. त्या काळच्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. हायस्कुलांच्या इतिहासात इमारतीला देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरी पाटीवर असतात. मला वाटते, अशा पाटीवर सगळ्यांच्या वर लक्ष्मीबाईंचे नाव हवे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सगळ्या जातींची मुले एकत्र नांदताना पाहून ते संतुष्ट झाले. पाहा योग कसा, पुढच्याच महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एकाच सुमारास एकीकडे पंगत बसत होती आणि दुसरीकडे पाण्याचा हक्क बजावला जात होता. साताऱ्याच्या शाळेने ज्या दोन गोष्टी अडवून ठेवल्या होत्या, त्याच या दोन, बरोबरीने बसणे आणि पाणी.

बोर्डिंग झाले, पण बोर्डिंगातली मुले शिकायला जात ती दुसऱ्यांच्या हायस्कुलात. तेथे फी होती. म्हणून भाऊरावांनी स्वतःचे हायस्कूल काढायचे ठरविले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज आदल्याच वर्षी वारले होते. आपल्या राज्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या त्या राजाचे नाव शाळेला दिले. हे हायस्कूल मोफत होते आणि निवासी होते. म्हणजे फीही नाही आणि राहण्याचीही चिंता नाही. मग खर्च कसा चालायचा? मुलांनी काम करायचे आणि शिकायचे. यालाच 'कमवा आणि शिका' असे नाव पडले.

मुले वर्गात भूमिती शिकत आणि शेतात बांध घालीत. सकाळी इंग्रजीचा धडा, नंतर कुदळ-फावडे. स्वयंपाकाची पाळी, लाकडांची पाळी, झाडलोटीची पाळी. आणि पाळी लावताना जात विचारायची नाही. जुन्या शाळेत केर काढणारा नोकर एका मुलाच्या गोणपाटाला शिवत नव्हता. या शाळेत झाडू सगळ्यांच्याच हातात आला. मग शिवण्याचा आणि न शिवण्याचा प्रश्नच उरला नाही.

काही लोक तेव्हा म्हणत, आणि आजही म्हणतात, की मुलांनी राबायचे म्हणजे शिक्षणाचे नुकसान. पण भाऊरावांना खेड्यातले पोर माहीत होते. ते पोर घरीही राबतच होते. फरक एवढाच, की घरी राबून त्याला शाळा मिळत नव्हती, येथे राबून शाळा मिळू लागली. शिवाय वार लावून जेवणाऱ्या मुलाची मान दुसऱ्याच्या उंबऱ्याशी खाली जायची. इथे आपण पिकवलेले आपण खायचे, मग मान कशाला खाली घालायची? 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे ब्रीदवाक्य आहे, आणि वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्यांचेच पुढे खोड होते. तसेच झाले. साताऱ्यात शिकलेली मुले मास्तर होऊन आपापल्या भागात गेली, आणि गावोगाव संस्थेच्या शाळा निघाल्या. १९४८ साली गांधीजींचा खून झाल्यावर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. ९ मे १९५९ रोजी ते वारले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात कधी कोणी मॅट्रिक पाहिला नव्हता अशी कितीतरी माणसे पोरकी झाली.

आता या दोन्ही हायस्कुलांना शेजारी ठेवून पाहू. सरकारी हायस्कुलाने कायद्याने दार उघडले. रयतेच्या हायस्कुलाने त्या दारातून आत येण्याची ऐपत दिली. एकाशिवाय दुसरे अपुरे. नुसता कायदा असता, तर भिवा आंबेडकरासारखा असामान्य मुलगा कसाबसा तगून जाई आणि बाकीचे गळत. नुसती लोकांची दानत असती आणि कायदा नसता, तर तिला कोणीही, केव्हाही अडविले असते. आपल्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांमुळे कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे सांगितले. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीची माफी मिळाली. यशवंतराव हे स्वतः कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेले खेड्यातले मूल. तेव्हा नादारीचा अर्ज घेऊन हेडमास्तरांपुढे उभे राहण्याची पाळी पुष्कळांच्या मुलांवरून टळली.

मग झाले का सारे? शिक्षक बंधुभगिनींनो, याचे उत्तर तुमच्या टेबलावरच्या हजेरीपटात आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. हायस्कुलाची नववी आणि दहावी त्याच्या बाहेर राहते. नेमके तेथेच मूल गळते. जूनमध्ये पटावर लागलेली नावे दिवाळीनंतर पुन्हा वाचा. ज्या नावापुढे सारखी गैरहजेरी पडते, त्याच्या आईबापांनी मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ते ऊसतोडीला गेलेले असतात. नाव पटावर आहे आणि पोर फडात आहे. कोपीच्या दाराशी धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली ती मुलगी सातवीपर्यंत वर्गात पहिली येत असेल, कोणी सांगावे! दुसरीचे हायस्कूल चार मैलांवर आहे, एस. टी. संध्याकाळी वेळेवर येत नाही, म्हणून घरच्यांनी तिला घरी बसविले आहे. तिच्यासाठी बंद असलेले दार एस. टी.चे आहे, पण शाळा मात्र तिचीच बंद झाली.

ही दारे हुकुमात लिहिलेली नसतात. १८५८ सालच्या हुकुमात पाण्याची तोटी लिहिलेली नव्हती, तसेच हे. ती पाहायला शिक्षकाचीच नजर लागते. मधल्या सुट्टीत एक मुलगा उशिरा येतो, हे ज्यांच्या ध्यानात आले आणि ज्यांनी आपली भाकरी पुढे केली, त्या साताऱ्याच्या गुरुजींसारखी नजर. गावकऱ्यांनीही एक गोष्ट करावी. आपल्या हायस्कुलाच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे वाटली जातात, पहिल्या आलेल्या मुलांचे कौतुक होते. ते अवश्य व्हावे. पण त्याच दिवशी हेडमास्तरांना आणखी एक यादी मागावी. या वर्षी आपल्या पटावरून कोणाकोणाची नावे कमी झाली, आणि का? त्या यादीतल्या प्रत्येक नावासाठी गावात कोठे एक खोली, कोठे एक सायकल, कोठे मावशीच्या घरी सहा महिन्यांची राहण्याची सोय, कोठे नुसते आईबापांशी चार समजुतीचे शब्द, असे काही ना काही करता येते. गावाने मनावर घेतले, तर हंगामी वसतिगृहही चालविता येते. बोर्डिंगातल्या धान्याची सोय लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र देऊन केली. आपल्याला तेवढे द्यावे लागणार नाही.

शाळेचे नाव मोठे कशाने होते? दगडी इमारतीने होते, निकालाच्या टक्क्यांनी होते, पुढे मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांनी होते, असे आपण मानतो. साताऱ्याच्या हायस्कुलाला बाबासाहेबांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. परंतु १९१४ क्रमांकाची ती नोंद नुसती अभिमानाने पाहण्याची नाही. ती पाहताना प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावे, की आज आमच्या पटावर असा कोण आहे, ज्याचे नाव लागले आहे, पण ज्याला तोटी उघडून देणारा शिपाई अजून यायचा आहे? हा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर विचारणे, एवढी एक परंपरा जरी आपल्या हायस्कुलांनी पाळली, तरी ती शाळा खऱ्या अर्थाने सगळ्यांची होईल.